ओगी राव, आयक

कुडाळला माहेरी गेले की आई मला विळीवर बसू देत नाही. २०११ साली सोलकढीसाठी नारळ खवताना माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख खवणीच्या दात्यांत अडकून तिरकं फाटलं आणि मी पाटावरच रडायला लागले. आई धावत आली. बोट कापलं नाही, रक्त नाही, हे बघून म्हणाली, "गो, नखासाठी रडतंस?" तीन दिवसांनी पुण्यात माझा कार्यक्रम होता. क्लासिकल गिटार पिकने, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या तुकड्याने, वाजवत नाहीत. तार छेडतात ती बोटाच्या टोकाने आणि नखाने. तारेला आधी मांस लागतं, मग ती सरकत नखावर येते आणि नखाच्या कडेवरून सुटते. डोळ्याचं पातं लवायच्या आत हे होऊन जातं, पण स्वर गोल येणार की कर्कश, हे त्या कडेवर ठरतं. फाटक्या नखाने वाजवलं तर प्रत्येक स्वराला खरखर चिकटते.

त्या रात्री मी भाच्याचा टेबल टेनिसचा चेंडू कापला. हा जगभरच्या गिटारवादकांचा जुना उपाय आहे. चेंडूची गोलाई नखाच्या गोलाईशी जुळते. नखाएवढा तुकडा कात्रीने कापायचा, नखाखाली सरकवायचा, फेव्हिक्विकचा एक थेंब, मग कानशीने आकार. शेवटी दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरने कड इतकी घासायची की जुन्या रेशमी साडीवरून बोट फिरवलं तरी धागा अडकू नये. कार्यक्रम त्या नखावर पार पडला. भाच्याला नवीन चेंडू आणून दिला.

आमच्या घरात पायपेटी होती, पायाने भाता मारायची हार्मोनियम. बाबा दिवसा नोकरी करायचे आणि जत्रांच्या मोसमात रात्री दशावतारात पेटी वाजवायचे. पहाटे घरी आले की त्यांच्या अंगाला देवळातल्या धूपाचा वास असायचा. त्यामुळे घरात वाद्य असणं यात नवल नव्हतं. नवल होतं ते गिटारचं. १९९७ साली मुंबईच्या मामाने ती आणली. दुकानदाराने विकताना तिच्यावर स्टीलच्या तारा चढवून दिल्या होत्या, "आवाज मोठा येतो" म्हणून. ती मुळात नायलॉनच्या तारांची गिटार होती. स्टीलच्या तारांचा ताण नायलॉनपेक्षा कितीतरी जास्त असतो आणि तो पेलायला आतली बांधणीच वेगळी लागते. दीड महिन्यात तारा बांधलेली घोडी वरच्या फळीवरून, म्हणजे तबकडीवरून, उखडली. रात्री दोन वाजता धाडकन आवाज झाला, आम्हाला वाटलं माळ्यावरून काहीतरी पडलं.

गावातल्या सुताराने हात लावायला नकार दिला. कोणीतरी सांगितलं, मडगावला एक म्हातारे गृहस्थ व्हायोलिन-गिटार दुरुस्त करतात. बाबा मला आणि त्या मोडक्या गिटारला घेऊन गेले. ते गृहस्थ पुढे माझे सर झाले.

गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना सोल्फा, म्हणजे डो-रे-मी असं स्वरवाचन, आणि व्हायोलिन शिकवायची परंपरा पोर्तुगीज काळापासूनची. त्यातूनच गोव्याचे कितीतरी वादक मुंबईला गेले आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत बसले. सरांनीही तिथे काही वर्षं व्हायोलिन वाजवलं आणि वडिलांच्या आजारपणात परत आले. गिटार हे त्यांचं स्वतःसाठीचं वाद्य होतं. त्यांनी घोडी चिकटवली, आठ दिवस दाबून ठेवली, नायलॉनच्या तारा चढवल्या आणि गिटार माझ्या हातात देऊन म्हणाले, एक तार वाजव.

वाजवली. लगेच दुसरी वाजवायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. "बाय, ओगी राव. आयक." गप्प राहा, ऐक. तार वाजते, विरत जाते, आणि एका क्षणी ती थांबली की आपल्याला ऐकू येईनाशी झाली हे कळत नाही. तिथपर्यंत थांबायचं. मग दुसरी. पहिला अर्धा तास आम्ही एवढंच केलं. बाबा दारातल्या बाकड्यावर बसून ऐकत होते. परतताना गाडीत म्हणाले, "माणूस बरो आसा. पण हिचो आवाज लांबसर जाना नाय." पायपेटीच्या माणसाचं ते म्हणणं खरंच होतं. रात्रीच्या जत्रेत हजार माणसांपर्यंत पोचायचं वाद्य त्यांचं. ही गिटार मोठ्या खोलीच्या पलीकडे जात नाही.

कोकण रेल्वे १९९८च्या जानेवारीत पूर्ण सुरू झाली नसती तर माझं शिक्षण झालंच नसतं. दर रविवारी मुंबईहून येणारी सकाळची कोकणकन्या कुडाळला पकडायची, मडगावला उतरायचं, सरांकडे दोन-अडीच तास, त्यांच्या घरी जेवण, आणि संध्याकाळच्या परतीच्या कोकणकन्येने घरी. बारावीपर्यंत, सुट्ट्या आणि आजारपणं सोडली तर, हा रविवार चुकला नाही. डब्यात लोक गिटार बघून "एखादं गाणं होऊन जाऊ दे" म्हणायचे. मला एकही गाणं येत नव्हतं. येत होते ते कार्कासी या जुन्या इटालियन गिटारवादकाच्या ओपस ६० या संचातले अभ्यासपाठ. पंचवीस आहेत, आणि सर एकेका पाठावर दोन-दोन महिने घालवत. मी तेच वाजवून दाखवायचे. काही जण ऐकायचे, काही खिडकीबाहेर बघायचे.

२००१ साली पुण्याला आले, बीकॉम केलं, एका कचेरीत नोकरी धरली. संध्याकाळी सोसायटीतली चार मुलं शिकायला यायची, महिन्याला चारशे रुपये. २००६ साली नोकरी सोडायची ठरवली तेव्हा बाबा फोनवर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझी पेटी नोकरीच्या जिवावर वाजली. तुझी कशाच्या जिवावर वाजणार, याचा विचार कर." त्यांनी अडवलं नाही, पण हा प्रश्न माझ्या हातात ठेवला आणि पुढची दहा वर्षं तो तिथेच होता.

उत्तर असं निघालं की गिटारवादकाचं पोट एका कामावर चालत नाही. पहिल्या वर्षी माझ्याकडे अकरा विद्यार्थी होते, आठवड्यातून दोन दिवस एका शाळेत संगीताचे तास, शनिवार-रविवार एका हॉटेलात लोक जेवत असताना दोन तास वादन, आणि अधूनमधून जाहिरातीच्या ध्वनिमुद्रणात आठ-दहा सेकंदांचा तुकडा. खऱ्या अर्थाने मैफल म्हणावी असे कार्यक्रम वर्षात तीन, त्यातल्या पहिल्याचे दीड हजार रुपये मिळाले, दुसऱ्याचा प्रवासखर्च आणि तिसऱ्याची शाल. चांगल्या तारांचा संच हजाराच्या आसपास पडतो आणि रोज वाजवणाऱ्याला तो दोन महिन्यांच्या वर पुरत नाही. हॉटेलातल्या त्या दोन तासांबद्दल मला कमीपणा वाटत नाही. तिथे मी दीडशेच्या वर रचना हातावर बसवल्या. मात्र एका हॉटेलवाल्यांनी सांगितलं की गिटार नीट ऐकू येत नाही, मागे आधीच मुद्रित केलेल्या साथीचा ट्रॅक लावून वाजवा. तेव्हा मी ते काम सोडलं. ट्रॅकवर वाजवायला सुरुवात केली की आपण स्वर विरेपर्यंत थांबू शकत नाही. थांबणं हाच माझा पहिला धडा होता, तो मला विकता आला नसता.

पुण्यात पाश्चात्त्य संगीत ऐकणारा वर्ग लहान आहे पण निष्ठावान आहे. कॅम्पातल्या मझदा हॉलमध्ये बाहेरून आलेले वादक ऐकायला मी गेलेली आहे, आणि तिथे मायक्रोफोनशिवाय वाजलेली गिटार ऐकणं काय असतं हे पहिल्यांदा कळलं. कोलकात्याला क्लासिकल गिटारचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो, तिथे दोनदा गेले, मास्टरक्लासला बसले. मुंबईत, गोव्यात, बंगळुरात मिळून आम्ही सगळे एकमेकांना ओळखतो. बहुतेक सगळे शिकवतात. आणि बहुतेक सगळ्यांना तरुणपणी कोणीतरी म्हटलेलं असतं, की शिकवण्या घेत बसलास तर वाजवणं जाईल. मलाही एका ज्येष्ठ वादकाने हे सांगितलं होतं, मायेने. मी ते अनेक वर्षं खरं मानलं. म्हणून शिकवण्या लवकर उरकायच्या आणि "स्वतःचं" वाजवायला बसायचं, असा माझा दिवस असे. विद्यार्थ्याने अडखळत वाजवलं की मी त्याच्या हातून अर्ध्यातच ओळ काढून घ्यायची, स्वतः वाजवून दाखवायची, म्हणायची, असं. तो नक्कल करायचा. घड्याळ पुढे सरकायचं.

लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षांच्या आठही इयत्ता आणि २००९ साली पहिला डिप्लोमा झाला होता. पुढचा डिप्लोमा, एलटीसीएल, हा चाळीस मिनिटांच्या आसपासच्या सलग मैफलीचा असतो. परीक्षकासमोर आपण ठरवलेला कार्यक्रम, त्यावरचं स्वतः लिहिलेलं टिपण, वेळेचं बंधन. मी २०१३ची तयारी केली. यादीत बाखची ई मायनर बुरे (बुरे हा एक जुना फ्रेंच नृत्यप्रकार), सोरचं ओपस ९, विला-लोबोसचा पहिला प्रील्यूड आणि तारेगाची 'रेकुएर्दोस दे ला आलाम्ब्रा' होती. शेवटच्या रचनेत ट्रेमोलो आहे. अंगठा खर्जाच्या तारांवर एक चाल चालवतो आणि त्याच्या प्रत्येक पावलानंतर अनामिका, मधलं बोट, तर्जनी एकाच तारेवर एकामागून एक उतरतात. अंगठा, मग तीन बोटं, पुन्हा अंगठा. वेग आला की ऐकणाऱ्याला वरचा स्वर तुटक वाटत नाही, अखंड धरलेला वाटतो. पावसाळ्यात कौलांवरून पडणारी पागोळी जवळून पाहिली तर थेंब थेंब असते आणि लांबून धार दिसते, तसं.

माझी धार होत नव्हती. अंगठ्यानंतर एक खड्डा पडायचा. मी तो वेगाने बुजवायला गेले. दिवसाला सहा तास, ठोके देणाऱ्या मेट्रोनोमचा वेग वाढवत. फेब्रुवारीत उजव्या कोपराखालचा स्नायू दुखायला लागला. मार्चमध्ये अनामिका वाजवताना आपोआप तळव्याकडे वळायला लागली. गिटारवादकांना आणि पियानोवादकांना एक आजार होतो, फोकल डिस्टोनिया. बोट दुखत नाही, अशक्त होत नाही, पण मेंदूकडून येणारा हुकूमच बिघडतो आणि वाजवायला घेतलं की ते आखडतं. लिऑन फ्लायशर या पियानोवादकाचा उजवा हात त्यापायी कित्येक वर्षं बंद होता. मी हे वाचलं होतं. रात्री अंधारात बोट हलवून बघायचे.

पहिल्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं, वाजवणं सोडा. दुसरीकडे गेले त्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी विचारलं, गिटार कुठाय? पुढच्या वेळी घेऊन या. त्यांच्या टेबलाशेजारी स्टुलावर बसून मी वाजवलं आणि त्या माझ्या हाताकडे न बघता खांद्याकडे बघत होत्या. उजवा खांदा कानाकडे चढला होता, श्वास अडकला होता, आणि अनामिकेचं काम मनगट करत होतं. डिस्टोनिया नव्हता. कंडराला सूज होती. बारा आठवडे वाजवायचं नाही, मनगटाला पट्टा, आणि व्यायाम. त्या वर्षीची परीक्षा गेली.

विद्यार्थी मात्र यायचेच होते. तेव्हा चोवीस जण होते, त्यांची फी बंद करून मला चाललं नसतं. पहिल्या दिवशी एक अकरा वर्षांची मुलगी आली. एका ओळीत तिला वरचा 'मी', म्हणजे डो-रे-मीतला मी हा स्वर, वाजवायचा होता. मोकळ्या पहिल्या तारेवर तो सहज मिळतो, पण तिथे आवाज टोचत होता, बाकीच्या ओळीपासून फुटून बाहेर पडत होता. नेहमीप्रमाणे माझा हात तिच्या गिटारकडे गेला आणि पट्ट्यात अडकला. मग मी तिला म्हटलं, हाच मी अजून कुठे कुठे आहे, शोध. तिने बोटांनी मोजलं. दुसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या पाचव्या आडव्या पट्टीला. तिसरीवर नवव्या. चौथीवर चौदाव्या. गिटारची ही गंमत पियानोत नाही, तिथे एका स्वराला एकच पट्टी. इथे एकच मी चार घरांत राहतो आणि प्रत्येक घरी त्याचा स्वभाव निराळा. मोकळ्या तारेवर उघडा, लख्ख. दुसरीवर मऊ. तिसरीवर थोडा बसका, भरलेला. चौथीवर जाड, मधासारखा, जरा उशिरा येणारा.

मी डोळे मिटले आणि तिला चारही वाजवायला सांगितलं, प्रत्येक विरेपर्यंत थांबून. ती म्हणाली, "ताई, तिसऱ्या तारेवरचा. तो गाणाऱ्या बाईसारखा आहे." मला दुसऱ्या तारेवरचा वाटत होता. आम्ही दोघींनी पुन्हा ऐकलं. तिचं बरोबर होतं. त्या ओळीत आधीचे स्वर तिसऱ्या तारेवरच होते, त्यामुळे हा 'मी' स्वरही तिथेच घेतला की गळा बदलत नाही. सात वर्षं मी ती ओळ शिकवत होते आणि माझ्या सवयीच्या जागीच शिकवत होते.

बारा आठवडे असेच गेले. दाखवता येत नव्हतं म्हणून ऐकावं लागत होतं, आणि ऐकलेलं शब्दांत सांगावं लागत होतं. एका मुलाच्या अंगठ्याला इतर बोटांपेक्षा दुप्पट जोर आहे हे मला दोन वर्षांत कळलं नव्हतं. ते आता कळलं, कारण मी त्याच्याबरोबर वाजवत नव्हते. एका चाळिशीच्या गृहस्थांचा प्रत्येक स्वर पुढचा लावायच्या आधी तुटतो, कारण ते डावं बोट घाईने उचलतात. एक मुलगी प्रत्येक ओळीच्या शेवटी श्वास सोडते आणि तिथे तिचा ताल हलतो. मी गाऊन दाखवायचे, टेबलावर ताल धरायचे, "जिन्यावरून उतरताना शेवटच्या पायरीला पाय कसा ठेवतोस, तसा तो स्वर ठेव" असं काहीबाही सांगायचे. काही उपमा लागू पडायच्या, काही वाया जायच्या. पण मुलं सुधारत होती, आणि आधीपेक्षा वेगाने. सरांनी पहिल्या दिवशी मला जे सांगितलं होतं ते मी वादनाबद्दलचं समजले होते. शिकवण्याबद्दलही तेच होतं.

जून संपता संपता पट्टा सुटला. दिवसाला दहा मिनिटं, स्वयंपाकघरातला टायमर लावून. टायमर वाजला की ओळ अर्धी असली तरी गिटार खाली. ट्रेमोलो मी पन्नासच्या ठोक्यावर घेतला, इतका हळू की तो ट्रेमोलो राहतच नाही. आणि माझ्याच हाताकडे मी विद्यार्थ्याच्या हातासारखं ऐकलं. खड्डा अंगठ्यानंतर पडतो असं मी वर्षभर धरून चालले होते. तो तर्जनीनंतर पडत होता. तर्जनी घाईने येत होती, म्हणून अंगठ्याच्या आधी फट राहत होती आणि ती फट अंगठ्याच्या नावावर जमा होत होती. तर्जनीला थांबायला शिकवायला चार महिने गेले. पुढच्या वर्षी परीक्षा दिली, पास झाले. परीक्षेच्या खोलीत नेमकं काय झालं ते फारसं आठवत नाही. खिडकीबाहेर कोणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं एवढं आठवतं.

२०१६च्या श्रावणात कुडाळला वाचनालयाच्या सभागृहात कार्यक्रम ठरला. गावात माझं पहिलं जाहीर वादन. साठ-सत्तर माणसं, पुढे बाबा आणि त्यांच्या मंडळातले दोन-तीन जुने सोबती. माईक होता, स्पीकरमधून गिटार जरा पत्र्यासारखी येत होती. बाखची बुरे सुरू झाली आणि लाईट गेली. कोकणात श्रावणात लाईट जाणं हे कोणाला सांगायला नको. पंखे थांबले, स्पीकर गप्प झाला. पाऊसही नेमका उघडला होता, कौलांवरून थेंब तेवढे पडत होते. मी वाजवत राहिले, थांबायला जमलं नाही. अंधारात मला खुर्च्या सरकल्याचे आवाज ऐकू आले. मागची माणसं खुर्च्या उचलून पुढे येत होती. कोणी दरवाजाजवळ जनरेटर सुरू करायला निघालं होतं. बुरे संपल्यावर मी विनंती केली की तो सुरू करू नका. एका मुलाने चार्जिंगची बॅटरी माझ्या पायांशी ठेवली. उरलेला तासभर तसाच झाला. रेकुएर्दोस शेवटी होतं.

नंतर चहा घेताना बाबांच्या मंडळातले मृदंगवाले काका जवळ आले. कानाने अधू झाले होते, म्हणून अगदी पुढे बसले होते. म्हणाले, "चेडवा, तुझ्या आंगठ्याचा काम येगळा आणि बोटांचा काम येगळा ऐकाक येय होता. दोन माणसां वाजवतत कायशी." मृदंगाच्या दोन तोंडांवर ज्याने आयुष्य काढलं त्याने हे सांगावं, यापेक्षा मोठं परीक्षण मला मिळालेलं नाही. बाबा काही बोलले नाहीत. घरी गेल्यावर त्यांनी गिटार मागितली, उलटी केली आणि पाठीवर बोटाच्या पेराने टकटक करून ऐकली. "शिसवी मां ही?" शिसवीच. आजीचा पलंग ज्या लाकडाचा आहे तेच. आपल्या घाटांतली आणि दक्षिणेकडची शिसवी स्पेनपर्यंत गिटारच्या पाठीसाठी जाते. स्पॅनिश कारागीर आंतोनियो दे तोरेसने एकोणिसाव्या शतकात आजच्या क्लासिकल गिटारचा घाट ठरवला, तारेची लांबी ६५० मिलिमीटरवर आणली, पण पाठीचं लाकूड आमच्या पलंगाच्या नात्यातलं आहे हे बाबांना फार आवडलं. त्या रात्री त्यांनी पलंगालाही टकटक करून पाहिलं.

२०२० साली सगळे क्लास फोनवर आणि लॅपटॉपवर गेले. पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाचा प्रत्येक स्वर मला मध्येच कापलेला ऐकू येत होता. मी त्यांना रागावलेही. मग लक्षात आलं की दोष त्यांचा नाही. ही ॲप माणसाचं बोलणं ऐकू यावं म्हणून बनवलेली असतात. लांब चालणारा, हळूहळू विरणारा एकसारखा आवाज म्हणजे पंख्याचा आवाज असं समजून ती तो पुसून टाकतात. म्हणजे गिटारचा जीव जिथे असतो तेवढंच नेमकं पुसलं जात होतं. झूमवर ओरिजिनल साउंड नावाची सोय आहे, ती चालू करायला पंचवीस आयांना आणि बाबांना फोन करून शिकवलं. तरी बरोबरीने वाजवणं अशक्यच, मध्ये फरक पडतो. म्हणून मुलांना सांगितलं, स्वतःचं मुद्रण करा, दोनदा ऐका, काय चुकलं ते मला लिहून पाठवा, मग मुद्रण पाठवा. वर्षभराने त्यांच्या चिठ्ठ्या माझ्या सूचनांपेक्षा बारीक झाल्या होत्या. त्या वर्षी दुबई आणि न्यू जर्सीच्या मराठी घरांतली तीन मुलंही आली, ती अजून आहेत.

पालक अजूनही विचारतात, सहा महिन्यांत गाणी वाजवेल ना? प्रश्न रास्त आहे. गिटार म्हटलं की आपल्याकडे गाण्याला साथ हेच डोळ्यांसमोर येतं. मी त्यांना सांगते की साथ शिकायची असेल तर तिचे चांगले शिक्षक शहरात आहेत, नावं देते. माझ्याकडे पहिले तीन महिने मूल पायाखाली छोटं स्टूल घेऊन सरळ बसायला, वाचायला आणि एक तार विरेपर्यंत ऐकायला शिकेल. काही जण परत जातात. जी राहतात त्यांच्यातली काही सात वर्षांनीही राहतात. त्या अकरा वर्षांच्या मुलीने पुढे संगीतशिक्षक व्हायचं ठरवलं आणि आता माझ्याकडची सर्वांत लहान मुलं ती सांभाळते. अर्ध्या मापाच्या गिटारी तिच्या खोलीत असतात.

सध्या जून आहे. गिटारच्या खोलीतला आर्द्रतामापक आज सकाळी ७८ दाखवत होता, पन्नासच्या आसपास असावा लागतो. लाकूड पाणी पितं, तबकडी फुगते, तारा वर उचलल्या जातात आणि डाव्या हाताला जोर लागतो. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत उलटं. तेव्हा फिंगरबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं बोटाला लागतात. गिटारच्या पेटीतली, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडकी बदलली, डिह्युमिडिफायर लावला. पुढच्या महिन्यात एक छोटा कार्यक्रम आहे, सोरचं ओपस ९ पुन्हा घेतलं आहे. चारला मुलं येतील. त्यातली एक ट्रेमोलो घेऊन येणार आहे, तिला आज फक्त तर्जनी ऐकायला सांगणार आहे. तोवर मधल्या बोटाची कड परत एकदा उजेडात धरून बघते. काल रात्रीपासून तिसऱ्या तारेवर किंचित खरखर येते आहे.